पुढच्या माणसाचे पुस्तक

गेल्या वर्षी एका रात्री आईच्या पुस्तकाची शेवटची चाळीसएक पाने उरली होती आणि ग्रंथालयाने दिलेली मुदत त्याच मध्यरात्री संपत होती. मुदत वाढवून मिळण्याचा प्रश्न नव्हता, कारण त्या ई-पुस्तकासाठी आमच्यामागे बरेच जण नंबर लावून होते, आणि रांगेत कुणी असले की मुदतवाढ मिळत नाही. चाळीस पाने म्हणजे माझ्यासाठी तासाभराचे वाचन. आईला मात्र अक्षर एवढे मोठे करावे लागते की एका पडद्यावर जेमतेम सहा-सात ओळी मावतात. तिच्या हिशेबाने ती पाने तीन दिवसांची होती. मी तिच्या हातातून ई-रीडर घेतला, फ्लाइट मोड सुरू केला आणि तो तिला परत दिला. मुदत संपलेले पुस्तक काढून घेण्याची आज्ञा आमच्या यंत्राला इंटरनेटवरून येते. यंत्र जोडलेलेच नसेल तर ती आज्ञा दाराबाहेर थांबून राहते. ‘आता सावकाश वाच,’ असे तिला सांगून मी झोपायला गेले. ई-पुस्तके वाचणाऱ्या कितीतरी लोकांना ही युक्ती ठाऊक आहे, आणि ती वापरताना माझ्या मनात कसलीही खळबळ झाली नव्हती.

सकाळी आई खिडकीपाशी बसली होती. ई-रीडर मांडीवर होता, पण त्याचे कव्हर मिटलेले होते. ‘तारीख होऊन गेली ना गं?’ तिने विचारले. मी तिला रात्रीची युक्ती समजावून सांगितली. ‘आणि पुढचा माणूस?’ मी म्हणाले, त्याचे काहीच अडलेले नाही. ग्रंथालयाच्या नोंदीत आपले पुस्तक बारा वाजताच जमा झाले आणि त्याला ते तेव्हाच मिळाले असणार. ती जरा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, ‘त्याचं त्याला मिळालं, तर मग माझ्या हातात आहे ते कुणाचं?’

मला उत्तर देता आले नाही.

आईचा हा प्रश्न कुठून आला हे मला कळत होते. आमच्या लहानपणीच्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी डकवलेली असे. जांभळ्या शाईचे शिक्के एकाखाली एक उमटलेले. काही सरळ, काही घाईत तिरके पडलेले, काहींचा आकडा अर्धाच. पुस्तक घरी आणले की मी गोष्टीआधी ती चिठ्ठी वाचत असे. एखाद्या पुस्तकावर चार वर्षे एकही शिक्का नसे आणि मग एकाच महिन्यात तीन असत. त्या महिन्यात असे काय घडले असेल, याचा विचार करत मी कितीतरी वेळ घालवला आहे. पानांमध्येही माणसे भेटत. कुणीतरी छपाईची चूक पेन्सिलीने दुरुस्त केलेली असे, कुणी एका वाक्याखाली इतकी जोरात रेघ ओढलेली असे की ती मागच्या पानावर उठलेली बोटांना लागे. एका जाड कादंबरीत, अगदी मध्यावर, दुमडलेला कोपरा पुन्हा सरळ केल्याची खूण होती आणि त्यापुढची सगळी पाने कोरी, ताठ होती. तो वाचक तिथेच थांबला असावा. त्याने ते पुस्तक का सोडले असेल, हे कोडे मला त्या कादंबरीहून अधिक काळ पुरले. आणि आईचा नियम असा होता की परतीच्या तारखेच्या आदल्या दिवशीच पुस्तक पिशवीत गेले पाहिजे. ‘आपल्यामागे कुणीतरी थांबलेलं असतं,’ ती म्हणायची. धूळ खात पडलेली कपाटे मी डोळ्यांनी पाहिलेली असल्यामुळे तिच्या म्हणण्यावर माझा फारसा विश्वास बसत नसे, पण पुस्तक मात्र वेळेत परत जात असे.

मी स्वतः ग्रंथालयातून पहिले ई-पुस्तक डाउनलोड केले, तेव्हा काहीतरी चुकले आहे अशीच माझी समजूत झाली होती. आलेली फाइल जेमतेम काही किलोबाइटची होती आणि तिच्या नावाच्या शेवटी एसीएसएम अशी अक्षरे होती. एवढ्याशा फाइलीत तीनशे पाने कशी मावतील? मी ती पुसून टाकली, पुन्हा डाउनलोड केली, पुन्हा तेवढीच आली. नंतर उलगडा झाला की ते पुस्तक नव्हेच, ती पुस्तक मागण्याची चिठ्ठी आहे. अडोबीच्या डिजिटल एडिशन्ससारख्या प्रोग्रॅममध्ये ती उघडली की तो प्रोग्रॅम आपले खाते तपासतो, दूरच्या संगणकाकडून खरे पुस्तक आणतो आणि त्याला मुदतीचे कुलूप घालून आपल्या स्वाधीन करतो. या पद्धतीत परतीची तारीख परवान्यातच लिहिलेली असते, आणि इंटरनेट असो वा नसो, तो दिवस उलटला की पुस्तक उघडत नाही. आता ग्रंथालयाची ई-पुस्तके उसनी मिळवून देणारी लिबीसारखी अॅप आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, ही सगळी खटपट पडद्याआड गेली आहे. सदस्य क्रमांक टाकावा, मुखपृष्ठावर बोट ठेवावे आणि पुस्तक वाचायला घ्यावे. तरीही ती बारीकशी फाइल मला आठवते, कारण या साऱ्या व्यवहाराचे खरे रूप तिच्यात उघडे दिसत होते. आपल्याला मिळते ती परवानगी, आणि पुस्तक तिच्यामागून येते.

त्या परवानगीने आमच्या घरात काय केले, हे मात्र मला मनापासून सांगायचे आहे. आईची दृष्टी मंदावत गेली तशी तिची पुस्तके एकेक करून कपाटात परत गेली. आधी बारीक छपाईची, मग मध्यम छपाईची. बोटांचे सांधे दुखू लागल्यावर जाडजूड पुस्तक धरणेही जमेना. दोन वर्षे तिने जवळजवळ काहीच वाचले नाही आणि त्याबद्दल ती काही बोललीही नाही. मग ई-रीडर आला. ईपब प्रकारच्या फाइलीत मजकूर वाहता असतो. अक्षर मोठे केले की ओळी आपणहून नव्याने जुळतात. पीडीएफमध्ये तसे होत नाही, पान जसेच्या तसे फुगते आणि ओळीचे टोक पडद्याबाहेर जाते, त्यामुळे आईसाठी ईपबच हवे हे मी लवकरच शिकले. अक्षराचे माप शेवटच्या टोकाला नेल्यावर तिने पहिला पडदा वाचला, दुसरा वाचला. पान उलटताना त्या पडद्यावर एक काळी झाक येते आणि जाते; पहिल्या दिवशी ती दर वेळी दचकत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत डोकावले तर दिवा न लावता ती वाचत होती आणि ओठ हलत होते. ग्रंथालयाच्या इमारतीच्या पायऱ्या ती आता कधीही चढणार नाही. त्या पायऱ्यांच्या वरचे कपाट तिच्या हातात आले होते, आणि ते पाहून दुसऱ्या खोलीत जाऊन मी रडले होते.

म्हणूनच पुढे जो राग आला, तो अधिक आला.

तो आला रांगेमुळे. एका पुस्तकासाठी आमचा नंबर ३१ वा होता आणि ग्रंथालयाकडे प्रती होत्या तीन. छापील पुस्तकाच्या बाबतीत मला हे कधी खटकले नसते, पण जी फाइल एका क्षणात हजार वेळा उतरवता येते, तिच्या तीनच प्रती म्हणजे काय? उत्तर शोधता शोधता मी परवान्यांच्या जगात शिरले. एक प्रत, एका वेळी एक वाचक, हा त्या जगातला मूळ नियम. कागदाचा अडथळा उरला नाही, म्हणून तो नियमाने उभा केलेला आहे. त्याच्या पुढची पायरी अशी की ग्रंथालयाला ही प्रतसुद्धा बहुतेकदा कायमची मिळत नाही. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ठरवले की ग्रंथालयाने घेतलेले त्यांचे ई-पुस्तक २६ वेळा वाचकांना दिले गेले की संपले. पुढे द्यायचे तर परवाना नव्याने विकत घ्यायचा. दोन आठवड्यांची एक उसनवारी धरली तर २६ म्हणजे बरोबर एक वर्ष. छापील पुस्तकही वापराने झिजतेच, असा एक युक्तिवाद त्यामागे होता. तेव्हा काही ग्रंथपालांनी २६ हून कितीतरी अधिक वेळा फिरलेली छापील पुस्तके कपाटातून काढून, ती अजून किती धडधाकट आहेत हे कॅमेऱ्यासमोर दाखवले होते. इतर काही मोठ्या प्रकाशकांनी वेळा मोजण्याऐवजी दोन वर्षांची मुदत पसंत केली. पुस्तक कुणी वाचो वा न वाचो, दोन वर्षे झाली की ते ग्रंथालयाच्या यादीतून जाते. २०१९ च्या नोव्हेंबरात मॅकमिलनने याहून पुढे जाऊन, नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालय-यंत्रणेला, मग ती केवढीही मोठी असो, एकच प्रत देण्याचे धोरण आणले. ग्रंथालयांनी त्यावर बहिष्कार घातला आणि मार्च २०२० मध्ये ते मागे घेतले गेले.

हे वाचताना मला एक जुना अमेरिकन खटला भेटला आणि तो मनात घर करून राहिला. एका प्रकाशकाने कादंबरीच्या आतल्या पानावर सूचना छापली होती की हे पुस्तक अमुक किमतीच्या खाली विकण्याची कुणालाही परवानगी नाही. एका दुकानाने ती सूचना न जुमानता पुस्तक कमी किमतीत विकले. १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला: प्रकाशकाने प्रत एकदा विकली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर त्याचा ताबा उरत नाही. तिथली ग्रंथालये आपली छापील पुस्तके कुणालाही न विचारता, कितीही वेळा, कितीही वर्षे देत आली आहेत, ती याच तत्त्वाच्या बळावर. माझ्या लहानपणीच्या त्या जांभळ्या शिक्क्यांची संख्या कुणी मोजत नव्हते. ई-पुस्तक मात्र विकले जात नाही, त्याचा परवाना दिला जातो, आणि त्यामुळे आतल्या पानावरची जी सूचना १९०८ मध्ये निष्प्रभ ठरली, तीच आता कुलपाच्या रूपाने काम करते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये निराळी वाट दाखवली. एका वेळी एकच वाचक आणि ठरावीक मुदत, एवढे पाळले तर ग्रंथालयाने ई-पुस्तक देणे हे छापील पुस्तक देण्यासारखेच धरता येईल आणि लेखकाला त्याचा योग्य मोबदला मिळेल, असा त्या निकालाचा आशय आहे. मला तो न्याय्य वाटतो. लेखकाला पैसे मिळू नयेत असे मला कधीही वाटलेले नाही, आणि प्रकाशकांची भीतीही मी समजू शकते: घरबसल्या, एका बोटाच्या स्पर्शाने पुस्तक उसने मिळू लागले तर ते विकत कोण घेईल? पूर्वी ग्रंथालयापर्यंत चालत जाणे हाच एक मोठा अडसर होता. पण तो अडसर नाहीसा झाल्याचा सर्वांत मोठा आधार ज्यांना मिळाला, त्या माझ्या आईसारख्या वाचकांनीच कायम रांगेत उभे राहावे, हे मला पटत नाही.

आईच्या प्रश्नाकडे मी परत आले ती या सगळ्या वाचनानंतर. तिच्या हातात होते ते कुणाचे? ग्रंथालयाचे म्हणावे तर ग्रंथालयाकडेही ते मुदतीपुरतेच होते. आम्ही ज्यांच्याकडून उसने घेत होतो, त्यांनीही ते उसनेच आणलेले होते. मध्यरात्रीनंतर आमच्या यंत्रात उरली ती नुसती अक्षरे, मागची परवानगी निघून गेलेली. त्या अक्षरांनी कुणाचे काही हिरावले नव्हते, कुणाला एक दिवसही थांबवले नव्हते. मग मला सारखे काय टोचत होते? बरेच दिवस विचार केल्यावर माझ्या ध्यानात आले की टोचणी खरी होती, पण ती वेगळ्या जागेची होती. काही महिन्यांपूर्वी एका लांबच्या प्रवासाला निघताना मी एका बैठकीत नऊ ई-पुस्तके उतरवली होती. त्यांतली चार वाचली. पाच उघडलीसुद्धा नाहीत. मुदत संपल्यावर ती आपणहून गेली, ना दंड, ना पत्र, ना ग्रंथपालाच्या कपाळावर आठी. त्या वेळी मला ते सोयीचे वाटले होते. पण परवाना मोजून दिलेला असेल, तर न उघडलेले पुस्तकही त्या २६ पैकी एक धरले जाते. ग्रंथालय प्रत्येक उसनवारीमागे पैसे भरत असेल, तर माझ्या बोटाच्या त्या नऊ स्पर्शांचे नऊ वेळा पैसे गेले. वाचकाच्या पडद्यावर परवान्याचा प्रकार दिसत नाही. तिथे फक्त मुखपृष्ठे दिसतात, रांगेने मांडलेली, हात लावावासा वाटेल अशी. कपाटासमोर उभी असते तर नऊ पुस्तकांचे वजन हातांनीच सांगितले असते. इथे वजन होते, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातांवर पडत होते.

तेव्हापासून मी काही गोष्टी बदलल्या आहेत. आधी नमुन्याची पाने वाचते, कारण ती उसनवारीत मोजली जात नाहीत. माझा नंबर नको त्या वेळी लागला, तर ‘नंतर द्या’ असे सांगून मागच्याला पुढे जाऊ देते. आपली जागा रांगेत टिकून राहते. हव्या असलेल्या पुस्तकासाठी नंबर मात्र जरूर लावते, लांबलचक रांग असली तरी, कारण कोणत्या पुस्तकाच्या प्रती वाढवायच्या हे ठरवताना ग्रंथपाल त्या रांगा पाहतात. आणि ज्या जुन्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क संपलेला आहे, ती ग्रंथालयाच्या परवान्यावर न घेता प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहातून घेते. १९७१ मध्ये मायकल हार्ट या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून त्या कामाला आरंभ केला. तिथे रांग नाही, परतीची तारीख नाही. तिथली पुस्तके उतरवताना एक विलक्षण मोकळेपणा वाटतो. पण खरे सांगायचे तर तिथे मला एकटेही वाटते. माझ्याआधी ते कुणी वाचले, माझ्यानंतर कोण वाचणार, याची एवढीशीही चाहूल लागत नाही. जी रांग मला अन्यायाची वाटते, तीच मला या पडद्यावर माणसे दाखवते. ‘तुमच्यामागे २२ जण’ या तीन शब्दांत जांभळ्या शिक्क्यांचे काहीतरी उरलेले आहे, आणि ती रांग नाहीशी व्हावी असे म्हणताना माझा आवाज दरवेळी थोडा खाली येतो.

आईने त्या सकाळी पुढे वाचायला नकार दिला होता. ‘चालू कर ते,’ एवढेच ती म्हणाली. मी फ्लाइट मोड बंद केला. काही क्षण काहीच झाले नाही. मग पडद्यावर काळी झाक येऊन गेली, आणि पुस्तकाच्या जागी मुदत संपल्याची सूचना आली. मी लगेच पुन्हा नंबर लावला. सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत आईने त्या कथेचा शेवट मला निदान चार प्रकारे सांगितला, जेवताना, औषध घेताना, एकदा रात्री दिवा मालवल्यावर. एका पहाटे फोनवर सूचना आली, पुस्तक उतरले, आणि तिने ते उघडले तेव्हा ती जिथे थांबली होती तोच पडदा समोर आला. तिने बोट फिरवून रंगवलेल्या ओळीही जशाच्या तशा होत्या. तीन दिवसांत तिने ते संपवले. एक गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही: त्या पुस्तकाचा परवाना मोजून दिलेला असेल, तर तिच्या प्रामाणिकपणापायी ग्रंथालयाची आणखी एक उसनवारी खर्ची पडली, जी माझ्या युक्तीने वाचली असती. सांगावेसे वाटते, आणि जीभ रेटत नाही.

‘परत कर,’ ती म्हणाली. मुदतीचे अकरा दिवस बाकी होते. मी तिला परत करण्याचे बटण दाखवले आणि तिने ते स्वतः दाबले, अंगठ्याने, जरा अधिकच जोर लावून.

‘गेलं?’

‘गेलं.’

‘मागे किती होते?’

मी फोनवर पाहिले. बावीस. ती काही बोलली नाही. चष्मा काढून तिने डब्यात ठेवला. संध्याकाळी मी खोलीत दिवा लावायला गेले, तेव्हा तिने विचारले, ‘आता बघ बरं.’

मी पाहिले. एकवीस.